कानातले खडे

कुशीवर वळलं की भगवानरावांना अख्खं घर गरगर फिरताना दिसायचं. लातूरकडचा माणूस, पहिली शंका भूकंपाचीच. दोनदा त्यांनी ओरडून सगळी गल्ली बाहेर काढली. शेवटी उदगीरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काका, जमीन जागेवर आहे. तोल सांभाळणारे कानातले बारीक खडे तुमचे सरकलेत." गल्ली आठवडाभर हसत राहिली होती.

आज सकाळी घर पुन्हा हललं. भगवानराव डोळे मिटून शांत पडून राहिले. मांडणीवरचे डबे खाली आले, तरी उठले नाहीत.

"अवो, भाईर या," धुरपताबाईंनी रस्त्यावरून हाक मारली.

"काई न्हाई गं, कानातले खडे हायत."

"हाव, पण आज सगळ्या गल्लीचे सरकलेत. या भाईर."