करकोच्याचा आरसा

नगरपालिकेच्या छोट्याशा प्राणिसंग्रहालयात करकोच्यांची एकच जोडी होती. मादी गेली आणि नराने मासळीला चोच लावणं सोडलं. डॉक्टरांनीही हात टेकले. शेवटी पिंजरे सांभाळणाऱ्या कामगाराने घरातला जुना आरसा आणून पिंजऱ्यात उभा केला आणि मासळीचं घमेलं आरशाला चिकटून ठेवलं. संध्याकाळपर्यंत घमेलं रिकामं झालं.

घरी आल्यावर त्याने बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. ती सासऱ्यांचं ताट वाढत होती. सासूबाई गेल्यापासून ते ताट आतल्या खोलीत जायचं, कारण म्हातारा सावकाश जेवायचा आणि बाकीच्यांना घाई असायची. हल्ली ताट बरंचसं तसंच परत यायचं.

"ऐकलंत का बाबा, तुमच्या लेकाचा पराक्रम?" ताट त्यांच्यापुढे ठेवत ती हसली. "तो खुळा पक्षी आरशात स्वतःलाच बायको समजून बसलाय!"


"तसं नाही गं पोरी," सासरे म्हणाले. "ती नाही, हे त्यालाही कळत असेल. पण समोर कुणी जेवत असलं, की घास उतरतो."