कावळा शिवेना

आईच्या दशक्रियेला नदीकाठी सारे गाव जमले होते, पण पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. भाऊ म्हणाला, "आई, तुझं मंडळ बंद पडू देणार नाही." मी म्हणाले, "अण्णांना मी सांभाळीन." कावळे घिरट्या घालून निघून जात होते.

मंडळ म्हणजे आईने जमवलेल्या गावातल्या बाया. कुणाच्या घरात मारहाण सुरू झाली की त्या जाऊन दारात ठाण मांडून बसायच्या. त्यांतल्या विमलमावशी पुढे झाल्या. "हिचा जीव सुमनपाशी अडाकलाय. कानिफनाथ, तू बोल."

सुमनचा नवरा मागे सरकू लागला, पण लोकांनी वाट दिली नाही. शेवटी तो पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "काकू, हितनं पुढं सुमनवर हात उचलनार न्हाई."

"आन् उचलला तर?" मावशींनी विचारले.

"तर काकूंनी माज्या मानगुटीवर बसावं."

लगेच कावळा उतरला. कानिफनाथ मटकन खाली बसला.

परतताना मी विचारले, "मावशी, नेमका तेव्हाच कसा हो आला कावळा?"

"आदी कसा येईल? झुडपाआडनं आपल्या बाया खडे मारून हुसकीत हुत्या."

"आईच्या दहाव्याला? असलं सुचलं तरी कुणाला?"

"तुज्या आईलाच, दवाखान्यात. म्हनली, त्यो पोलिसाला भीत न्हाई. मी जिती हाय तवर मलाबी भ्यायचा न्हाई. मेल्यावर भिईल."