चौथी खुर्ची

सहा खुर्च्या, सहा हेडफोन, सहा मुलाखती. प्रदर्शनाच्या तीन दिवसांत मोजणीच्या वहीत एकोणचाळीस रेघा झाल्या होत्या. मुलाखत शेवटपर्यंत ऐकली तरच रेघ, हा नियम मोजणी करणाऱ्या अपेक्षानं स्वतःच घातला होता. मधेच उठून फोटो काढायला जाणारा मोजायचा नाही. एकोणचाळीसपैकी अकरा रेघा चौथ्या खुर्चीच्या होत्या. सगळ्यांत जास्त. आणि त्या अकराही एकाच माणसाच्या होत्या.

तो माणूस, कल्लप्पा, आताही तिथंच बसला होता. हेडफोन कानांवर, हात मांडीवर, नजर समोरच्या छोट्या पडद्यावर. पडद्यावर चेहरा नव्हता, नुसती मिनिटं सरकत होती. मुलाखत त्याच्या बायकोची होती. सुंदरम्मा जन्मभर पॉवरलूमच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, कल्लप्पा त्याच कारखान्यात मागावर होता. मुलाखत देऊन चार महिन्यांनी ती गेली. बाकीच्या पाच मुलाखतींत चळवळी होत्या, गिरण्यांचे संप होते. कांड्या भरणारीकडे दुसरं कुणी फिरकलं नव्हतं.

"अपेक्षा, तुझ्या रेघा मोजून दे गं," प्रदर्शन भरवणारे प्रभु सर लांबूनच ओरडले. "सहाला समारोप. कुठली मुलाखत सगळ्यांत जास्त ऐकली ते भाषणात सांगायचंय. मग टेम्पो येतोय, सगळं खोक्यात."

अपेक्षा खुर्च्यांच्या मागून वही घेऊन निघाली आणि थबकली. चौथ्या खुर्चीखाली हेडफोनची वायर सुटून पडली होती. सकाळी फरशी पुसताना निघाली असणार. म्हणजे आजच्या तीन रेघा चुकीच्या.

"आजोबा, वायर निघालीय. तुम्हाला काहीच ऐकू आलं नसेल."

कल्लप्पानं मागं पाहिलं नाही. ती पुन्हा बोलली, जरा मोठ्यानं. मग ती वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि घाईनं मान हलवली.

"व्हय व्हय. लई ग्वाड बोललीया."

अपेक्षानं वायरीचं टोक वर धरलं.

त्यानं त्या टोकाकडं पाहिलं. मग त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"कुणाला सांगू नगंस पोरी. पंधरा वरसं झाली. मागावर कान गेलं. खडखडाटात समदी ओठावरच बोलत्यात, म्हणून तितं कुणाला कळलं न्हाय. सुंदरालाबी न्हाय."

"त्यांनाही सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर ती बोलायची थांबली असती की." तो थोडा हसला. "येडी व्हती. गॅसकडं पाठ करून माझ्याशी बोलत बसायची. किती डाव दूध उतू गेलं. मी आपला मान हलवायचो."

"मग इथं रोज काय करता?"

त्यानं पडद्याकडं बोट केलं. "टाइम दिसतो की. बावीस मिनिटं बोललीया. घरात आता कोण बोलतंय?" मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाली का गं ती?"

अपेक्षानं हातातल्या वहीकडं पाहिलं. तीन दिवस तिनं चौथी मुलाखत मोजली होती. ऐकली नव्हती.

साडेतीन वाजले होते. तिनं वायर खोचली, पाचवी खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला.

"आवाज नगं," कल्लप्पा म्हणाला. "नुसतं तोंड हालव."

एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, ओठांनी म्हणायचं. त्यानं मान हलवली की पुढं जायचं. पण हे मान हलवणं वेगळं होतं. कळलं नाही की तो हात वर करायचा आणि ती तेच पुन्हा म्हणायची. पगार, कांड्या, जेवणाची सुट्टी, अक्कलकोटच्या जत्रेत हरवलेली चप्पल. चपलेला तो खळखळून हसला. फोटो बघणारी दोन-चार माणसं वळून पाहू लागली. समोरासमोर बसलेल्या त्या दोघांत आवाज काहीच नव्हता.

एकोणिसाव्या मिनिटाला अपेक्षानं बटण दाबलं आणि हेडफोन कानांवर घट्ट धरला.

"काय म्हणाली?"

तिनं तेवढा तुकडा मागं घेऊन पुन्हा ऐकला. मग सुंदरम्मा बोलली होती तसाच, एक शब्द न गाळता, ओठांनी म्हटला.

"आमच्या मालकांस्नी ऐकू येत न्हाय. मला ठाव न्हाय असं वाटतंय त्यांस्नी. वाटू दे की. मी त्यांच्याकडं तोंड केल्याबिगर बोलत न्हाय. दूध जातंय उतू. जाऊ दे."

कल्लप्पानं मान हलवली नाही. त्यानं हात वर केला. तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं पुन्हा हात वर केला.

मुलाखत संपली तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. कल्लप्पानं हेडफोनची वायर नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवली आणि तो दाराकडं चालू लागला.

"चौथी ना?" प्रभु सर घाईत आले. "वहीत अकरा रेघा दिसतायत. हीच सांगू ना सगळ्यांत जास्त?"

"थांबा सर," अपेक्षा म्हणाली.

तिनं वही उघडली. चौथ्या खुर्चीसमोरच्या अकराही रेघा एकेक करून खोडल्या. खाली नव्यानं आकडा लिहिला.

मुलाखत क्रमांक चार. श्रोते : दोन.