उरलेल्या गोळ्यांची ओटी

ओटीत आलेला ब्लाऊजपीस सुमित्रावहिनींच्या कपाटात कधी मुक्काम करत नसे. पुढच्या हळदीकुंकवाला तो निघालाच! दिल्लीतल्या अख्ख्या सरोजिनी नगरच्या मराठी क्वार्टर्समध्ये त्यांची ही ख्याती. यंदा ऐन संक्रांतीत त्यांना घशाचं इन्फेक्शन झालं आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. नवऱ्याच्या, शांतारामरावांच्या, बीपीच्या गोळ्यांशी गफलत नको, म्हणून वहिनींनी आपल्या स्ट्रिपवर कपाळाची मरून रंगाची टिकली चिकटवली. दोन-तीन दिवसांत आवाज खणखणीत!

"अगं, डॉक्टर म्हणालेत, कोर्स पूर्ण करायचा," शांतारामराव कळवळले.

"बिल्कुल बरी आहे मी! चांगल्या गोळ्या उगाच पोटात कशाला घालू?" म्हणत त्यांनी उरलेली स्ट्रिप शेजारच्या खोकणाऱ्या कुमुदिनीच्या ओटीत घातली, मोरपंखी ब्लाऊजपिसासकट.

मंडळातला गाण्याचा कार्यक्रम तोंडावर आला आणि वहिनींचा घसा पुन्हा असा बसला, की तोंडातून 'चहा' एवढा शब्दही फुटेना. वरच्या मजल्यावर राहणारी कादंबरी हातात पिशवी घेऊन धावत आली.

"घ्या वहिनी, एकदम हुकमी गोळी! मला मैत्रिणीने दिली, तिला तिच्या जावेने. कुणाला घ्यावी लागलीच नाही हो, सगळ्यांचा खोकला आपोआप गेला. आणि तुमची ओटीही भरायची राहिली होती ना!"

वहिनींनी पिशवीत हात घातला.



स्ट्रिपवर मरून रंगाची टिकली होती, आणि स्ट्रिपखाली घडीही न मोडलेला मोरपंखी ब्लाऊजपीस.