धुण्यातली साडी

पिशवीतून आधी नाक बाहेर आलं, मग एक कान, आणि मग अख्खं पिल्लूच फरशीवर घसरून पडलं. रंग तांबूस, पोट पांढरं, आणि पाय असे की चार वेगवेगळ्या कुत्र्यांकडून उसने आणलेत. क्षमा जागच्या जागी नाचली. सहावीतल्या मुलीने असं नाचू नये हे आईचं नेहमीचं म्हणणं, पण आज आईचंही लक्ष पिल्लाकडेच होतं.

मालन नुकतीच कंपनीतून आली होती. दिवसभर उभ्याने गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरायची, म्हणून तिच्या साड्यांना कायम औषधाचा वास. नळाला पाणी संध्याकाळीच यायचं. त्यामुळे आदल्या दिवशीची साडी टबात कोरडीच पडून असायची आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर भिजायची. पण वर्षभर हे असंच चाललेलं: टबातली साडी टबात सापडायचीच नाही. खाटेवर, चुरगळलेली. बाई-बाई खेळायला क्षमाला धुण्यातलीच साडी लागते, असं म्हणून मालन रोज ओरडायची. आजही साडी खांद्यावर टाकून तिने सुरुवात केलीच होती, तेवढ्यात नवरा आला, आणि त्याच्या मागून पिशवी घेतलेला लिओनार्ड.

दशरथ बसचा कंडक्टर आणि लिओनार्ड त्याच बसचा ड्रायव्हर. लिओनार्ड राहायला गोराईला, रोज होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला ड्यूटीवर यायचा. त्याच्या कुत्रीचं हे शेवटचं उरलेलं पिल्लू. सकाळी होडीतून आलं आणि दिवसभर डेपोच्या कँटीनमध्ये चहात बुडवलेला पाव खात बसलं. दशरथने त्याला हो म्हणून टाकलं होतं. घरी विचारायचं तेवढं राहिलं होतं, म्हणून आता तो खाकी शर्टाची बटणं फार सावकाश काढत होता.

लिओनार्डने सांगून टाकलं की शेवटची होडी सुटायच्या आत काय ते ठरवा, नाहीतर मी याला परत नेतो, रागबिग नाही.

मालन नाही म्हणाली. म्हणता म्हणता तिने पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानामागे खाजवायला लागली. तिच्या गावच्या घरी कुत्रा कधी बांधला नव्हता की कोंडला नव्हता. तिथे ओट्यावर कोणी ना कोणी असायचंच. इथे सकाळी तिघं तीन दिशांना आणि दाराला कुलूप. याला पाळणं म्हणायचं की तुरुंग?

"मुका जीव आहे हो," ती लिओनार्डला म्हणाली. "बंद घरात एकटा कसा राहील तो? मला नाही बघवणार."

लिओनार्डने मान डोलावली. त्याच्या वाडीत तर फाटकही नव्हतं. त्याने पिशवीचं तोंड उघडलं.

क्षमा रडली नाही. ती आईसमोर मांडी घालून बसली आणि वर्गातल्या ढ मुलीला गणित समजवावं तसं समजवायला लागली.

"त्यात काय, आई? एकटं राहायला मी शिकवीन ना त्याला. एकदम सोप्पं आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. शाळेतून आलं की पहिलं म्हणजे घड्याळाकडे बघायचं नाही. रेडिओ स्वयंपाकघरात ठेवायचा आणि अगदी हळू लावायचा, शब्द कळता कामा नयेत. मग बाहेरच्या खोलीत बसलं की आतमध्ये आईच काहीतरी पुटपुटत भाकऱ्या थापतेय असं वाटतं. कोणी दार वाजवलं तर हूं की चूं करायचं नाही. आणि जेवण झाल्यावर थोड्या वेळाने खालून बाबांची बस जाते, तीनदा घंटी वाजते, तेव्हा पळत गॅलरीत जायचं आणि हात हलवायचा.

"कसली घंटी?" मालनने नवऱ्याकडे बघितलं.

दशरथ बटणातच अडकला होता. लिओनार्ड हसायला लागला.

"इथे स्टॉप नाही, काही नाही, तरी याचा हात दोरीकडे जातो, वहिनी. पॅसेंजर विचारतात, कंडक्टरला झालं काय? मी पण गाडी जरा हळू घेतो. वर हिचा हात दिसला की मग गिअर टाकतो."

मालनला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. ती पिल्लाला खाजवायची थांबली.

"आणि एवढं करूनही नाही करमलं तर?"

"तर धुण्यातली साडी," क्षमा म्हणाली. "तुझी कालची. कपाटातली नाही चालत, तिला नुसता साबणाचा वास येतो. हिला वर औषधाचा येतो, पण आत तुझा येतो. अंगावर घेतली की झोप लागते. उठल्यावर जरा वेळ गेला की तू येतेसच."

मोरीत बादली भरून वाहायला लागली होती, कोणी उठलं नाही. मालनच्या खांद्यावर टाकलेल्या त्या कालच्या साडीचा लोंबणारा पदर पिल्लाने दातात पकडला होता आणि ते जीव खाऊन ओढत होतं.

लिओनार्ड खाकरला. होडी थांबत नाही, वहिनी, असं काहीतरी म्हणाला.

मालनने पिल्लाला खाली ठेवलं. खांद्यावरची साडी ओढून काढली, काठाला दात लावला आणि मधोमध टर्रकन फाडली. दशरथ अगं म्हणेपर्यंत दोन तुकडे झाले होते. एक तिने घडी करून दारामागच्या कोपऱ्यात अंथरला. पिल्लू लगेच त्यावर जाऊन तीनदा गोल फिरलं आणि बसलं.

दुसरा तिने क्षमाच्या हातात दिला.

"तो त्याचा, हा तुझा," ती म्हणाली. "तो कितीही रडला तरी हा त्याला द्यायचा नाही."