मोज्याचा ससा

सुनेने बालवाडी शिक्षिकेचा कोर्स लावला, तेव्हा सासरे म्हणाले, "पोरं खेळवायला कसली आलीय परीक्षा?" आणि त्यांनी जो अबोला धरला, तो धरलाच.

सून रोज संध्याकाळी त्यांच्याच जुन्या मोज्याचा ससा हातात घालून धड्याची तालीम करायची. सासरे समोरच पेपरात तोंड खुपसून बसायचे.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "आम्हाला शिकवलंय, रुसलेलं मूल आपल्याशी नाही बोललं, तरी सशाशी बोलतं."

परीक्षेच्या सकाळी ससा सापडेना. तिने सगळं घर पालथं घातलं. शेवटी पेपरावरून दोन लांब कान डोकावले.

ससा खाकरला. "सूनबाई, दोन घास खाऊन जा. आणि घाबरू नकोस, धडा आता आम्हालाही पाठ झालाय."