रविवारचं घड्याळ

धम्मरत्न रविवारी सकाळी, तेही न कळवता, दारात येऊन उभा राहिला आणि अन्नपूर्णाबाईंची नजर आधी लॅपटॉपकडे गेली.

"काकू, लॅपटॉपचं घड्याळ रविवारीच मागं पडते म्हंतात काका. दोनदा आतला सेल बदलला. दुकानात आठ-आठ दिवस ठेवला, तं एक मिनिट हाललं नाही. म्हटलं, आज इथंच बसून पायतो."

मोताळ्याच्या बाजारात धम्मरत्नचं दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हुशार, आणि अन्नपूर्णाबाईंना धास्ती त्या हुशारीचीच होती.

कारण घड्याळ मागं पडत नव्हतं. त्या पाडत होत्या.

पुण्याची नात, पायल, यंदा दहावीला. दर रविवारी नऊच्या ठोक्याला ती लॅपटॉपवर दिसायची आणि साडेनऊला तिचे आजोबा अर्जुनराव म्हणायचे, "चला, टाइम झाला. पोरीचा अभ्यास हाय." झाकण बंद! बत्तीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या सोडलेला माणूस. धावत येणाऱ्या सख्ख्या मेहुण्यासाठी ज्यांनी गाडी थांबवली नाही, ते नातीसाठी काय थांबणार? पायल अर्ध्या वाक्यात गायब व्हायची आणि उरलेलं अर्धं वाक्य काय असेल, या विचारात आजीचा आठवडा जायचा.

शेवटी पायलनेच फोनवर हळूच युक्ती सांगितली. आजोबा आंघोळीला गेले की दिसते त्या वेळेतून दहा मिनिटं कमी करायची, दुपारी ते झोपले की परत वाढवायची. चारदा चुकलं, पाचव्यांदा जमलं. आजचंही काम आत्ताच उरकलं होतं. मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणिताची भीती, सगळं पायल त्या दहा मिनिटांत सांगायची. अन्नपूर्णाबाईंचा जीव त्या दहा मिनिटांत होता.

पायल आली तरी लॅपटॉपवर नऊ वाजलेले नसतात, हे अर्जुनरावांच्या लक्षात आलं होतं, पण घड्याळच बिघडलं म्हणून ते धम्मरत्नकडे गेले. एरवी पकडलं जायचं तसं भय नव्हतं. भिंतीवर घड्याळ नाही, मोबाईलवरचे बारीक आकडे दोघांनाही दिसत नाहीत. घरातली वेळ अर्जुनरावांच्या मनगटावर, आणि रविवारी तर ते घड्याळ काढून कपाटात ठेवायचे. "सुट्टीचा दिवस हाय," म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला कसली सुट्टी, हे विचारायचं धाडस कोणी केलं नव्हतं. लॅपटॉपवर मात्र त्यांची फार माया. अन्नपूर्णाबाई सकाळी पूजेला बसल्या की अर्जुनराव फडकं घेऊन तो पुसत बसायचे, चांगली पंधरा मिनिटं.

आंघोळ करून अर्जुनराव बाहेर आले आणि धम्मरत्नला पाहून चपापले.

"आज काऊन आला बे? रविवारी दुकान बंद असते ना तुह्यं?"

"म्हणूनच आलो, काका. नेमकं किती मागं पडते?"

"दहा मिनिटं. बराबर दहा." ते क्षणभर घुटमळले. "बस तू. मी पाणी आणतो."

अन्नपूर्णाबाई बघतच राहिल्या. चाळीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठीसुद्धा पेला भरून घेतला नव्हता.

अर्जुनराव आत गेले. धम्मरत्नने लॅपटॉप उघडला, दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, आपोआप वेळ घ्याचं कोणीतरी बंद करून ठेवलं हाय. हे हातानं केलेलं काम हाय."

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्या केलं रे बाबा. दहाच मिनिटं घेते, नातीसाठी. यायले नको सांगू. दुसरं काई मागत नाही मी."

"नाही सांगत, काकू. रडता काऊन?" धम्मरत्नला हसू आलं. मग त्याने सवयीने आपला मोबाईल लॅपटॉपशेजारी धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मोबाईलवर आठ सत्तेचाळीस. लॅपटॉपवर आठ सत्तावीस.

"काकू, दहा तुमचे. मंग हे वरचे दहा कोनाचे?"

आत माठावर पेला आपटला आणि मागोमाग अर्जुनरावांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मऊ.

"धम्मा, असू दे बे. आजच दुरुस्त कराची काई घाई नाही."